तत्काळ

रात्री दोन चाळीसला तीन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह
आधी गुरगुरला, मग सुटला.
पाणी नव्हतं ते. हळदीत चुना पडल्यावर होतो तसा रंग,
आणि वास असा, की जिभेवर तांब्याचा पैसा.
बांधावरून उतरलं, कुंपणाखालून गेलं,
बाभळीच्या मुळांशी जरा थांबल्यासारखं केलं
आणि तळणीच्या ओढ्याला लागलं.

जालन्याची एमआयडीसी, थंडीचे दिवस, शिफ्टला मी एकटा.
रोहिदास मगरे, ऑपरेटर, ठेकेदारामार्फत.
ट्रेनिंगला साहेबांनी पडद्यावर कलम दाखवलं होतं:
अपघातानं घाण पाणी नदीनाल्यात गेलं,
किंवा जाईल अशी भीती असली,
तर जागेच्या प्रभारी माणसानं मंडळाला
तत्काळ कळवावं.
तेवढ्यात चहा आला. पुढचं पान राहिलं.

प्रभारी कोण?
दिवसा सात जण असतात, पाठ असलेल्या खुर्च्यांवर.
रात्री दोन चाळीसला
माझ्या स्टुलाला तीन पाय, चौथ्याच्या जागी वीट.

साहेबांना फोन लावला. झोपेतच म्हणाले,
"किती गेलं? बरं. कुणाला बोलू नको. सकाळी बघू."
सकाळ हा शब्द कलमात नव्हता.
मी पाहिलेल्या पानावर तरी.

गेटवर फलक आहे, निळ्यावर पांढरा.
रसायनांची नावं, टनात आकडे, तळाला
'गळती दिसल्यास कळवा' आणि नंबर.
शेवटचा आकडा ट्रकनं घासून नेलेला.
टॉर्च धरली. वळण तेवढं उरलेलं:
शून्य असेल, सहा असेल, आठही असेल.

शून्य लावला. बंद.
सहा लावला. बदनापूरची कुणी म्हातारी,
फोन उशाशी घेऊनच निजलेली.
"सुटली का रे? पोरगा का पोरगी?"
म्हणालो, राँग नंबर, मावशी.
"मंग तुला कामून झोप नाही, बाबा?"

आठ लावला. वाजत राहिला.
कुठल्या तरी मोठ्या खोलीत, कुलपाच्या आत,
फायलींच्या उतरंडीशेजारी वाजत राहिला.
मी त्या वाजण्यालाच सांगितलं सगळं:
टाकी तीन, वेळ, रंग, ओढ्याचं नाव.

मग इलियासभाई आठवले. तळणीचे जलसुरक्षक.
ओढ्याकाठच्या विहिरीची मोटार
रोज साडेपाचला तेच लावतात.
कलमात त्यांचं नाव नाही.
"मोटार लावू नका," एवढंच म्हणालो.
"कुठून बोलतोस?"
मी कंपनीचं नाव घेतलं.
घेतल्यावर कळलं, की घेतलं.
पलीकडं खाट करकरली. "हां. चप्पल घालतो."

सकाळी साहेबांनी रजिस्टरात लिहिलं:
'किरकोळ गळती. १०.३०. तत्काळ कळविले.'
तसं खोटं नव्हतं.
साडेदहाला त्यांना आठवलं आणि त्यांनी लगेच कळवलं.
वरच्या ओळीत माझं बॉलपेनचं २.४०,
त्यावर व्हाइटनर.
पान उन्हात धरलं, की मागच्या बाजूनं दिसतं. उलटं.

दुपारी इलियासभाई गेटवर.
काखेत थंड्याची बाटली, तळाशी चार बोटं लाल.
"गाव मला शिव्या घालतंय," म्हणाले,
"नळाला पाणी नाही म्हणून. म्हटलं, हे प्या."
बाटली प्रयोगशाळेत जायची होती.
चिठ्ठीवर त्यांचं वाकडं अक्षर:
ठिकाण. तारीख. वेळ.
खाली, माहिती देणाराचं नाव,
आणि पुढं नुसती रेघ.

"तालुक्याचे लोक विचारतील," ते म्हणाले.
"मी कोरंच ठेवलंय. ज्याचं पोट त्याला ठाऊक."
आणि टपरीकडं गेले, मुद्दाम हळू.

बाटली माझ्या स्टुलावर.
तिच्या गळ्याला दोऱ्यानं पेन बांधलेला.
भोंग्याला अजून दहा मिनिटं होती.